प्रश्न विचारायचं काम

रोह्याला दोन दिवसांचं इंग्रजीचं प्रशिक्षण झालं, तेव्हा आम्हाला कळलं की आजवर आम्ही शिकवत होतो ते सगळं चुकीचं होतं. आधीच्या प्रशिक्षणातही हेच कळलं होतं, त्यामुळे कोणी फारसं मनाला लावून घेतलं नाही. या वेळचं नवं म्हणजे पुस्तक चर्चा गट. मुलांनी गोल करून बसायचं, एकच गोष्ट वाचायची आणि तिच्यावर इंग्रजीतून बोलायचं. शिक्षकाने गप्प बसायचं. हे समजावून सांगताना तज्ज्ञ सर एकटेच इतकं बोलले की आम्हाला चर्चेला वेळच उरला नाही.

पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी नागोठण्यावरून एसटीने पेणला परतले. गोष्ट एका अस्वलाची होती. हिवाळा आला म्हणून सगळं जंगल त्याला झोप, झोप म्हणत मागे लागतं आणि शेवटी ते झोपतं. माझ्या सातवीच्या मुलांनी बर्फ पाहिला होता तो मखरातल्या थर्माकोलचा.

माझी शाळा हमरापूरच्या बाजूची, निम्मी मुलं गणपतीच्या कारखान्यांतली. गटात कामं वाटून द्यायची होती. एकाने कठीण शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचं, एकाने गोष्ट थोडक्यात सांगायची, एकीने प्रश्न विचारायचा. मुलांना हे झटकन समजलं आणि मी खूश झाले. त्यांना समजला होता तो कारखाना. तिथे अंगाला रंग मारणारा दागिन्यांना हात लावत नाही, आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळाच असतो, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. अस्वल का झोपलं, असं मी शब्द शोधणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते माज्याकडं नाय बाई, गोष्टवाल्याला विचारा."

प्रश्नाचं काम जिच्याकडे होतं ती मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नसे. हे काम मात्र तिने मनावर घेतलं. पण आखणी शेवटी, म्हणून प्रश्नही शेवटी, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं. बाकीच्यांचं आटपेपर्यंत घंटा व्हायची आणि तिचा प्रश्न तसाच घरी जायचा. आधी विचार म्हटलं, तर अंग रंगवायच्या आधी डोळे कोण काढतं, असं तिने मला सुनावलं. तिचा प्रश्न एकदा तरी तोंडाबाहेर पडावा, असं मला फार वाटत होतं.

मग तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब गट बघायला येणार असल्याचा निरोप आला. मुख्याध्यापकांनी जमिनीवर खडूने गोल आखून घेतला आणि साहेबांची खुर्ची त्याच्या बाहेर ठेवली. शब्द झाले, चित्र झालं, गोष्ट एका दमात म्हणून झाली. साहेबांनी फोटो काढून घेतला, एक्सलंट म्हणाले आणि शहाळ्यासाठी उठले. तेवढ्यात ती उभी राहिली. शेजारणीने ओढणी ओढून "बस गो" म्हटलं, तरी ती बसली नाही.

"सर, माजं काम रायलंय," ती म्हणाली. मग इंग्रजीत विचारलं, "व्हाय नोबडी आस्क बेअर?"

झोपायचंय का, हे त्या अस्वलालाच कोणी का विचारलं नाही? साहेबांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. मुलांच्या व्याकरणाकडे लक्ष द्या, असं मला सांगून साहेब बाहेर पडले.

त्यांची पाठ वळली आणि गट पेटला. शब्दवाला, चित्रवाला, सगळे आपापली कामं टाकून अस्वलावरून भांडू लागले. निम्मं इंग्रजी, निम्मं घरचं. घंटा झाली तरी कोणी उठेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढी खूश कधी झाले नव्हते.

पुढच्या महिन्यात वरून सूचना आली. उपक्रम उत्तम आहे, सर्व शाळांनी राबवावा, फक्त यापुढे प्रश्न छापील मिळतील, उत्तरांसह. ते तिला सांगायची पाळी माझ्यावर आली.

"मग मी काय करू, बाई?" तिने विचारलं.

छापलेले प्रश्न मोठ्याने वाच, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार? तेव्हापासून तासाला सगळ्यात आधी तीच बोलायची. प्रश्न वाचायची, त्याखालचं उत्तर वाचायची, आणि चर्चा संपायची.