रविवारच्या गप्पांतली तिसरी जागा

आपल्या सोफेवाल्याने आयुष्यात एकदाच लबाडी केली, तीही सख्ख्या आईशी. तिच्या बसायच्या खुर्चीचं चांगलं धडधाकट कापड त्याने एका शनिवारी पात्याने टराटरा फाडलं आणि वर तोंड करून सांगितलं, "आई, हे पार विरलंय गं. उद्या घरीच बदलून देतो." वीस वर्षं लोकांचे सोफे नवे करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर ती बिचारी काय शंका घेणार?

लबाडीचं कारण म्हणजे ताई. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पोस्टात कामाला, राहायची दोन गल्ल्या पलीकडे. दर रविवारी जेवणं आटोपली की ती यायची, आईशेजारी पाय वर घेऊन बसायची आणि मायलेकींच्या गप्पा सुरू व्हायच्या. विषय नवे नसतच. फिरून फिरून गाडी एकाच दिवसावर यायची, बाबा गेले त्या दिवसावर. तेव्हा ताई तेरा वर्षांची होती आणि हा अकरा.

"तुझ्या पोटात कसा गोळा आला होता, नाही?" आई विचारायची.

"गोळा कसला, आई! पायच नव्हते माझे जागेवर."

मग दोघी मनसोक्त रडायच्या, नाकं शिंकरायच्या आणि चहा टाकायच्या. आंघोळ करून आल्यासारख्या ताज्यातवान्या दिसायच्या.

हा शेजारच्या खोलीतून ऐकायचा आणि जळायचा. जळायचा म्हणजे पार करपायचा. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या बहिणीच्या रडण्यावर जळतो, हे सांगणार तरी कुणाला? आई त्याच्याशीही त्या दिवसाबद्दल बोलायची, नाही असं नाही. पण काय, तर "डॉक्टर किती वाजता आले रे?" आणि "फोन तू खालच्या दुकानातून केलास ना? किती शहाण्यासारखा वागलास!" ताईच्या वाट्याला पोटातला गोळा आणि याच्या वाट्याला घड्याळ नि फोन. दिवस तोच, बाप तोच, वाटणी मात्र ही अशी. एकदा तरी आईने आपल्याला विचारावं, तुला कसं वाटलं होतं रे? एवढंच त्याला हवं होतं आणि त्यासाठीच खुर्चीचा बळी गेला होता.

रविवारी तो हत्यारं घेऊन दोघींच्या मधोमध येऊन बसला आणि नेमकी तिथेच घोडचूक केली. सोफेवाल्यांची एक रीत असते. बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, चुंबकाच्या हातोडीने ओठांवरून उचलायचा आणि ठोकायचा. हात मोकळे राहतात, काम झपाट्याने होतं. गप्पांत शिरायला आलेला हा गडी सवयीने वीस खिळे तोंडात भरून बसला!

गप्पा रंगल्या. आई मध्येच त्याला म्हणाली, "तूही होतास की रे तिथे."

"हं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"त्याचं काय सांगतेस?" ताई म्हणाली. "हा दगड. रडलासुद्धा नव्हता."

त्याने खिळे हातावर थुंकले. "मला विचारलं होतंत का कुणी?"

"काय विचारायचं होतं?" आईने कप खाली ठेवला.

"मला कसं वाटलं ते."

"अरे, मग सांग ना. कसं वाटलं होतं?"

चौतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर आला, आणि याच्या डोक्यात शुकशुकाट. "ठीक," तो म्हणाला.

ताई फसकन हसली. त्या हसण्याने त्याचं टाळकंच सरकलं.

"राग आला होता! आई, तुझा. तू ताईला पोटाशी धरलंस आणि मला म्हणालीस, बाळा, दार लाव, लोक बघताहेत. मी लावलं, बाहेरून. जिन्यावर बसून राहिलो. बोलवायला कुणी आलं नाही."

आईने पदराचं टोक हातात घेतलं. आता ही रडणार, असं त्याला वाटलं. ती रडली नाही.

"राग मलाही आला होता," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचा. महिनाभर मी म्हणत होते, डॉक्टरांकडे चला. तर उद्या बघू, उद्या बघू! तुम्ही दोघं झोपलात आणि मी त्यांच्या खुंटीवरच्या शर्टाला चांगल्या दोन चापट्या मारल्या."

"निळ्या शर्टाला?"

"निळ्याच. खिसा उसवला त्याचा."

दोघं हसली. आईला असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," ताई म्हणाली.

"तू आलीस की मला रडूच यायचं गं. रागाचं तुझ्याशी कधी बोलावंसंच वाटलं नाही."

ताईने पर्स उचलली. घरी कामं पडलीत, म्हणाली. कामं कसली, ते त्याला नेमकं ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्यावर आज जे होतं ते त्याने स्वतः चौतीस वर्षं सोसलं होतं. थांब ताई, चहा घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं आणि ते ओठांवर आलंही होतं.

पण तेवढ्यात आई त्याच्याकडे वळली. "आणि जिन्यावर बसून काय काय वाटत होतं रे तुला?"

ताई चपला घालत होती. तो आईजवळ सरकला आणि सांगू लागला.