चाचांचा ब्रश थांबला तर

नेरळच्या बाजारात घड्याळवाले चाचा होते तोवर त्यांच्यासमोर गिटार वाजवण्याची कुणाची छाती होत नसे. समोर म्हणायचं एवढंच. खरं तर ते वाजवणाऱ्याकडे चक्क पाठ करून बसत. डोळ्याला भिंग, डाव्या हातातल्या चिमट्यात घड्याळाचं एखादं चाक आणि उजव्या हातात पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश. तुम्ही वाजवायचं आणि त्यांनी चाक घासायचं. वाजवून झालं की चाचा वळत, चहा मागवत, घरच्यांची चौकशी करत. वाजवण्याबद्दल चकार शब्द नाही. त्याची गरजही नसे, कारण निकाल आधीच लागलेला असे. ब्रश चालू राहिला तर नापास, थांबला तर पास. माझ्या माहितीत तो कुणासाठी थांबला नव्हता.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं टांगलेली, प्रत्येकाचं मत वेगळं. "एवढी घड्याळं भवताली, पन जेवायला येळंवर येतील तर शपथ," असं चाची मला भेटत तेव्हा ऐकवत. त्या घड्याळांच्या खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली हवाईयन गिटार असे. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादाची कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. तिच्यावर सिनेमाचं गाणं वाजवलं की शब्द नसूनही कळतात. आता ती फारशी कुठे दिसत नाही. आमच्या लहानपणी मात्र गणपतीत, लग्नात तिच्याशिवाय ऑर्केस्ट्रा उभा राहत नसे.

चाचा ती माथेरानला शिकले. त्यांच्या तरुणपणी तिथल्या एका हॉटेलात सीझनला बँड असे. हॉटेलातल्या घड्याळांना चावी द्यायला आणि बिघडलेली उतरवून आणायला चाचा दर रविवारी नेरळहून चालत वर जात. बँडमध्ये फ्रान्सिस नावाचे गोव्याचे गिटारवाले होते. चाचा त्यांना सर म्हणत, आणि सर म्हणताना आपोआप ताठ बसत. सात सीझन ते सरांपाशी शिकले. बँड बंद पडला आणि सर गोव्याला परत निघाले, तेव्हा त्यांनी आपली कांडी चाचांच्या हातात ठेवली. ती सरांना त्यांच्या गुरूंनी दिलेली होती. "लायक हात दिसला की पुढं दे, असं बोलले सर," चाचा सांगत. "मी शोधतोय. दिसत नाय."

ते "दिसत नाय" मी सहा वर्षं ऐकलं. माझे वडील कर्जतला हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकायला मी गेले आणि गिटारला चिकटले. दर रविवारी नेरळला जायचं, मान मोडेपर्यंत वाजवायचं आणि कान चाचांच्या ब्रशकडे. खस्स, खस्स, खस्स. एकदा तो थांबला म्हणून मला रडूच आलं, तर चाचांनी नुसतं पेट्रोल घ्यायला बाटली उघडली होती. शेवटी, बी.एड.ला जायच्या आधी, मी धीर करून विचारलं की माझं कुठे चुकतं. चाचांनी भिंग काढलं. "चुकत नाय, बाय. तोच तर घोटाळा हाय. तू चुकू नये म्हनून वाजवतेस." मला राग आला, आणि राग येण्याचं कारण ते खरं होतं हे. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, तिथे ही सवय कामाला आली. गिटार सुटली, चाचा सुटले नाहीत.

नव्या गिटारवाल्यांबद्दल चाचांचं मत ठरलेलं होतं. भिवपुरीला पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये गणपतीचा कार्यक्रम होता. गिटारवाल्या पोराने गिटार मानेमागे नेऊन वाजवली, गुडघ्यावर बसून वाजवली, पब्लिकच्या शिट्ट्या थांबेनात. पहिल्या रांगेत चाचा स्टेजकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. मंडळाचे सेक्रेटरी घाबरले, पाहुणे रुसले वाटून धावत आले. "मी रुसलो नाय हो," चाचा म्हणाले, "ऐकतोय. डोळे मधी आले की ऐकू येत नाय." परतताना रिक्षात मी विचारलं, कसा वाटला? "बोटं लई पळतात त्याची. पन जायाचंय कुठं, ते बोटांना म्हाईत नाय." आणि मग नेहमीचं पालुपद, आमचे सर एक सूर असा धरायचे की हॉटेलातला वेटर ट्रे घेऊन उभाच राहायचा.

"आणि तुम्ही, चाचा?"

"मी? मी त्यांच्या पासंगाला पुरत नाय."

या सगळ्याला पुरावा होता. एक कॅसेट. माथेरानच्या त्या हॉटेलातल्या क्लार्ककडे टेपरेकॉर्डर होता, त्याने एका दुपारी सराव चालू असताना रेकॉर्डिंग केलं आणि सर गेल्यावर कॅसेट चाचांना दिली. सरांचं वाजवणं आहे, ठेव, म्हणाला. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आलं की चाचा आधी ती लावत, मग दुकानाचं काम. एकच गाणं, चार-साडेचार मिनिटांचं. चाचा ब्रश हातात घेत आणि दुसऱ्या अंतऱ्याला, जिथे सूर वर चढतो आणि उतरायला जरा उशीर करतो, तिथे ब्रश थांबे. दर शुक्रवारी. गाणं संपलं रे संपलं की त्यांचा अंगठा बटणावर. पुढे टेप चुरगळलेली होती, एकदा मशीनने खाल्ली होती आणि चाचांनी ती बोटांनी सरळ केली होती. पुढे काय आहे, विचारलं तर म्हणत, "काय असंल? टाळ्या असतील."

ओंकारला मी नेलं त्यांच्याकडे. शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारा, मुंबईला ऑफिसात नोकरी करणारा तिशीतला माणूस. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला गिटार वाजवायला आला होता. तो छातीशी धरायची साधी गिटार वाजवे, मोबाइलवर जगभरच्या वादकांना ऐके आणि त्यांच्याइतकंच सफाईने वाजवेही. चाचांनी पाठ केली, ब्रश घेतला. ब्रश काही थांबला नाही. पण ओंकार माझ्यासारखा हिरमुसला नाही, उलट वाद घालायला बसला.

"चाचा, तुमच्या काळातले सगळेच चांगले नव्हते. वाईट वाजवणारे विसरले गेले, म्हणून चांगलेच आठवतात."

"आनि तुमच्या काळातले?"

"आमचं अजून गाळायचं राहिलंय."

चाचा हसले. मला ते हसणं नवीन होतं. "पुढच्या रविवारी ये रं," ते म्हणाले, "ती मांडीवर घेऊन बघ कशी लागते."

ओंकार वर्षभर येत राहिला. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपतात, हा शेलूहून गाडी पकडून नेरळला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त घाई वाटत होती. चाचांना पंचाहत्तर उलटली होती, हात थरथरायला लागला होता, बारीक घड्याळं ते परत पाठवत होते. कांडी अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. ओंकारला ती हवी होती. बोलला नाही कधी, पण चाचा ती खिशातून काढत तेव्हा त्याची नजर मला दिसायची. ब्रश मात्र चालूच.

मग एका शुक्रवारी चाचांचा टेपरेकॉर्डर बंद पडला. घड्याळं जिवंत करणाऱ्या माणसाला तो काही जमेना. ओंकारने सुट्टी टाकली, कुठूनसा चालू टेपरेकॉर्डर मिळवला, लॅपटॉपला जोडला आणि म्हणाला की गाणं एकदा यात भरून ठेवू, म्हणजे कॅसेट गेली तरी सर राहतील. चाचा कॅसेट दुकानाबाहेर न्यायला देईनात, म्हणून हे सगळं दुकानातच. मी होते. गाणं सुरू झालं, दुसरा अंतरा आला, ब्रश थांबला. गाणं संपलं. पण टेपरेकॉर्डर ओंकारच्या बाजूला होता, चाचांचा अंगठा पोचेपर्यंत टेप पुढे गेली. "बंद कर, बंद कर, खाईल तो!"

खाल्ली नाही. खरखर झाली आणि एक जाड, खेळकर आवाज कोकणीत बोलला.

"बरें वाजयलें रे उस्मान. दी आतां म्हाका."

छान वाजवलंस रे उस्मान, दे आता मला. मग खटका पडल्याचा आवाज आणि पुढे कोरी टेप. उस्मान हे चाचांचं नाव. त्या दुपारी गुरू-शिष्य एकाच गिटारवर, एकाच कांडीने, आळीपाळीने तेच गाणं वाजवत होते, आणि क्लार्कने सरांची पाळी यायच्या आत मशीन बंद केलं होतं.

"परत लाव," चाचा म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मी मूर्खासारखी आनंदले. म्हटलं, "चाचा, तुम्ही होतात ते! इतकी वर्षं ज्याला सर म्हणत होतात ते तुम्ही!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "माज्याकडं मी हायेच की गं, बाय. मला ते पायजे होते." मग घड्याळांकडे तोंड करून म्हणाले, "म्हंजे सरांचं आता कुठंच नाय."

ओंकार वायरी गुंडाळत राहिला.

त्यानंतरचे काही शुक्रवार चाचांनी दुकान उघडलंच नाही. चाचीने फोनवर विचारलं, "काय ऐकवलंत गं त्यांना? भिंतीकडं बगत बसतात." ओंकार स्वतःला दोष देत होता, चांगलं करायला गेलो आणि म्हाताऱ्याचा देव फोडला म्हणाला. पण कॅसेट भरून ठेवू द्या म्हणून चाचांच्या मागे मीच लागले होते.

महिन्याभराने चाचांचाच निरोप आला. "त्या पोराला घेऊन ये. यंत्र पन आन म्हन." गेलो तर गिटार आधीच मांडीवर. म्हणाले, "आमी समद्यांना ज्या मापानं मोजलं ते माप आमचंच निगालं. सर कसे वाजवायचे ते माज्या डोक्यात हाय. पन डोक्यातलं खरं का मी वाढवलेलं, आता सांगायला कोन हाय? तुला बोललो ना बाय, तू चुकू नये म्हनून वाजवतेस. तेवा मी तुला सरांच्या नावानं नापास केली. चुकलो असंन मी."

मला वाटतं, ज्या एका शब्दासाठी मी सहा वर्षं रविवार घालवले, तो मला असा भलत्याच रूपात मिळाला. मी म्हटलं, "नाही चाचा, ते बरोबरच होतं." आणि ते खरंच बरोबर होतं.

ओंकारने मशीन सुरू केलं. चाचांनी तेच गाणं वाजवलं. हात थरथरत होता, सूर कुठे कुठे हलत होता. संपल्यावर त्यांनी कांडी ओंकारच्या हातात दिली. "घे रं. मी आता मोजत नाय. तू ठेव." गिटार त्याच्याकडे सरकवली आणि सवयीने पाठ करून टेबलाशी बसले. ओंकारने वाजवलं. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते, कांडी तारांवरून जाताना. संपल्यावर चाचांनी चहा मागवला आणि त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

घरी जाताना स्टेशनवर ओंकार मला म्हणाला, "ताई, कांडी मिळाली, पण पास होऊन नाही. थकले म्हणून दिली त्यांनी." मला खोटं बोलता आलं नाही.

चाचा त्या थंडीत गेले. नेरळच्या बाजाराने अर्धा दिवस शटरं खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळांना चावी द्यायला कुणी नव्हतं, ती एकेक करून बंद पडली. ओंकार येऊन गेला, पण त्यानंतर गिटार वाजवल्याचं काही बोलेना. कांडी कपाटात आहे म्हणाला. दुसऱ्याची वस्तू सांभाळल्यासारखं वाटतं म्हणाला.

मागच्या शुक्रवारी शाळेतून आले आणि ओंकारने मला पाठवलेलं ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा लावलं. इतके दिवस धीर झाला नव्हता. लावलं आणि चाचांच्या सवयीप्रमाणे आवाजाकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. चाचांचं थरथरतं गाणं झालं. "घे रं" झालं. मग ओंकार वाजवू लागला. त्याच्यामागे घड्याळांची टिकटिक. आणि टिकटिकीच्या खाली, अगदी बारीक, खस्स, खस्स, खस्स. मोजत नाय म्हणाले होते, पण हात स्वस्थ बसला नव्हता. पहिला अंतरा गेला. दुसऱ्या अंतऱ्याला सूर वर चढला, उतरायला जरा उशीर केला, आणि खस्स थांबलं.

मी थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. घड्याळं चालू होती. ब्रश शेवटपर्यंत पुन्हा हलला नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते, पण बघत होते, म्हणून मला ऐकू आलं नाही. ओंकारला तर वाजवताना कुठून येणार?

त्याला फोन केला. म्हटलं, "रेकॉर्डिंग लाव, आवाज मोठा कर, आणि स्वतःची गिटार सोडून बाकी सगळं ऐक." पुढचं मी सांगितलं नाही. कांडी कपाटातून काढून ठेव, एवढं मात्र सांगितलं.