दात घासून या

चौथीच्या वर्गात मी तंबाखूवर तासभर बोललो. विडी, चिलीम, पानातला जर्दा, एकालाही सोडलं नाही. फळ्यावर काढलेलं फुप्फुस वांग्यासारखं दिसत होतं, तरी पोरं घाबरली. मग उत्साहाच्या भरात बजावलं, उद्यापासून दात घासल्याशिवाय शाळेत पाय ठेवायचा नाही. तास त्याआधीच संपवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पहिल्या रांगेतली एक मुलगी घेरी येऊन खाली बसली आणि ओकली. जवळ गेलो तर तोंडाला मशेरीचा वास. एरवी ती राखुंडीनं दात घासायची, तेही आठवण झाली तर. आता गुरुजींची सक्ती म्हणून आईनं आपल्या डबीतली चिमूट दिली होती. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, हे आमच्या कोल्हार गावात घरोघरी चाले. पण मशेरीला तंबाखू कुणी म्हणत नसे. तासभर बोलताना मलाही ती आठवली नव्हती.

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. आई चुलीपुढं होती. मशेरी म्हणजे तंबाखूच, पोरीला सवय लागली तर सुटायची नाही, असं मी जमेल तेवढं गंभीरपणे सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमच्या मंडळी बी लावत्यात की. परवा माझ्याच तव्यावर भाजून नेली."

मी पडवीतल्या शेळीकडं बघू लागलो.

"बाईंनी सोडली, तर मी पोरीला न्हाई देनार," ती म्हणाली. "आन त्या लावत असतील, तर त्यात वंगाळ काय हाय?"

प्रवरेच्या काठानं परतताना मी वाक्यं जुळवत होतो. फळा नसला की मला धड बोलता येत नाही. शेवटी घडलं तसं बायकोला सांगून टाकलं, शेळीसकट.

तिनं कोनाड्यातली डबी काढली, उघडली, वास घेतला. मग परसात जाऊन उकिरड्यावर रिकामी करून आली.

"उद्या तिच्या आईला सांगा, बाईंनी सोडली म्हणून. पण आता थोडे दिवस मला काही शिकवायला येऊ नका. डोकं दुखणार आहे माझं."