हातमोजे काढ, हात दाखव

"हातमोजे काढ. हात दाखव."

लॅबच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी हातमोजे काढले, तळवे वर केले. त्यांनी हात लावला नाही. पेनाच्या टोकानं माझी बोटं वेगळी केली आणि नखं पाहिली.

"घरी रोज पाणी येतं ना तुमच्याकडं?"

मागं कुणीतरी हसलं.

"येतं, मॅडम."

"मग दिसत कसं नाही? सवलतीवर शिकून आलं की हे असं होतं."

मी शाहूवाडीकडची. आम्ही बौद्ध. आई लोकांच्या शेतात भात लावते. घरात पहिली पदवी माझी, आणि कोल्हापुरातल्या त्या खासगी लॅबमध्ये तिसरं वर्ष. डेंग्यूच्या प्लेटा मीच लावायचे. तीन वर्षांत एक प्लेट वाया गेली नव्हती.

प्लेट म्हणजे शहाण्णव छोट्या घरांची प्लास्टिकची थाळी. घरात रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग घालायचा. त्यात डेंग्यूविरुद्धची प्रतिपिंडं असली तर शेवटी निळा रंग येतो. दोन घरं मुद्दाम कोरी ठेवायची, म्हणजे बाकी द्रावणं घालायची पण रक्त नाही. त्यांत रंग येता कामा नये. आला तर सगळी प्लेट बाद.

दसऱ्यानंतर लॅब उघडली आणि पहिल्याच दिवशी कोरी घरं निळी झाली. दुसऱ्या दिवशीही. बाहेर रिपोर्टसाठी माणसं ताटकळत बसलेली. तेव्हा मॅडमनी माझे हात पाहिले आणि रजिस्टरात लिहिलं, "तंत्रज्ञाच्या अस्वच्छ हातांमुळे दूषित." खाली सही. ह्या लॅबमधून कुठंही जायचं तर तेच रजिस्टर बघून शिफारस मिळते. ती ओळ आयुष्यभर माझ्या मागं येणार होती.

खरी लाज पुढं आहे. मी ते खरं मानलं. त्या दिवशी किती वेळा हात धुतले, मोजले नाहीत. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. खोलीवर जेवताना भाताचा घास झोंबला आणि मी स्वतःचेच हात उलटसुलट करून बघत बसले. दोन जोड हातमोज्यांच्या आतले हात! शिकलेली बाई मी, पण एका वाक्यानं मला आजीच्या काळात नेऊन उभं केलं. त्यासाठी मला आजही मॅडमपेक्षा माझाच राग जास्त येतो.

तिसऱ्या दिवशी चिरांवर पट्टी लावताना डोकं ठिकाणावर आलं. हात अस्वच्छ होते, तर पाणी पिताना वापरलेला ग्लास का निळा होत नाही? चिडून असलं काहीतरी मनात आलं, आणि मग सरळ कामाला लागले. कॉलेजात शिकवलेलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवीन किट फोडलं. कोरी घरं निळी. पिपेट बदलली. निळी. मग प्लेट बाजूला ठेवली आणि रंग बदलणारं द्रावण घेऊन, ज्या बाटलीत मुळातच रंग आणणारं एन्झाइम असतं ती सोडून, बाकी प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब वेगवेगळ्या नळीत टाकला. बाकी सगळ्या नळ्या बिनरंगी राहिल्या. एकच निळी झाली. प्लेट धुवायच्या द्रावणाची. मोठ्या पांढऱ्या कॅनमधलं.

तो कॅन आठवड्यापुरता भरून मीच ठेवला होता, खंडेनवमीच्या यंत्रपूजेच्या आदल्या दिवशी. मी शांतामावशींना गाठलं. त्या लॅब पुसतात.

"मावशी, पूजेदिवशी ह्या कॅनला कोण शिवलं?"

"कॅनला? कोण न्हाय. नारळ मातर तिथंच फोडला की मॅडमनी, मशिनीपुढं. निम्मं पाणी कॅनवरच्या त्या नरसाळ्यात गेलं. मी म्हटलं पुसू का, तर म्हणाल्या, असू दे, देवाचंच पाणी हाय."

रंग आणायचं काम ह्या चाचणीत एका एन्झाइमचं असतं. तसलंच एन्झाइम नारळाच्या पाण्यात असतं. खात्री करायला बाजारातून नारळ आणला, धुवायच्या नव्या द्रावणात त्याचं चमचाभर पाणी घातलं आणि एक थेंब तशाच नळीत टाकला. निळं.

आणि त्या पूजेला मला बोलावलंच नव्हतं. "तुमच्यात हे करत नाहीत ना, तू काउंटर सांभाळ," म्हणून मॅडमनी मला बाहेर बसवलं होतं. खोलीत ज्यांचे हात होते, त्यांची नखं कुणी बघितली नाहीत.

ताजं द्रावण करून प्लेट लावली. कोरी घरं कोरी राहिली. रिपोर्ट गेले. मग रजिस्टरात मॅडमच्या ओळीखाली मी सगळं लिहिलं. नारळ, नरसाळं, दोन्ही नळ्या. सही केली.

मॅडमनी वाचलं. चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही.

"खोड ते. कारण समजलं नाही, एवढं लिही. देवाधर्माचं कशाला मधे आणतेस?"

"मग वरची ओळ पण खोडा, मॅडम."

"मी तुला ठेवलीय इथं, विसरू नको."

"माझे हात लिहिताना तुम्हाला कारण लागलं नव्हतं."

मी खोडलं नाही. त्यांनीही नाही. दोन्ही ओळी अजून एकाखाली एक आहेत. शांतामावशी सोडल्या तर माझ्याशी आता कुणी फारसं बोलत नाही. मॅडम काम चिठ्ठीवर लिहून पाठवतात. नोकरी किती दिवस आहे, ठाऊक नाही. त्रास होतो. होतो म्हणजे होतोच.

पण हात मी पुन्हा दाखवणार नाही. आधी बाटल्या तपासा म्हणेन, एकेक करून, सगळ्या. त्यातूनही चूक माझीच निघाली तर माझी म्हणून लिहीन, सहीसकट. माझ्या जातीची म्हणून कुणाला लिहू देणार नाही.