गोटीरामबाबांचं कार्ड

शालन सिस्टरचा आवाज मोठा होता आणि तिला त्याची अजिबात लाज नव्हती. दर गुरुवारी कोपरखैरण्याच्या दवाखान्यात साठी उलटलेली मंडळी बाकांवर बसायची. शालन एकेकाचं वजन करायची, बीपी बघायची, नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते मोजायची आणि मग पथ्य असं सांगायची की बाहेरच्या रिक्षावाल्यालाही पाठ व्हावं. मूळची साताऱ्याकडची. घरात काय वाट्टेल ते फुटलं तरी चालेल, पण खोटं बोललेलं चालणार नाही, अशा बापाची लेक.

बोनकोड्याचे गोटीराम पाटील तिचे जुने पेशंट. अडुसष्ट वर्षांचे, अर्धा जन्म मिठागरात गेलेला. हृदय थकलं होतं, त्यामुळे अंगात पाणी साठायचं, आणि मीठ ते पाणी धरून ठेवायचं. म्हणून सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत शालननं त्यांचं मीठ बंद केलं. मे उजाडला तेव्हा वजन उतरायच्या ऐवजी सहा किलोंनी वाढलं होतं.

"बाबा, मीठ खाताय."

"सोरलाय, बाय. शपथ हाय."

"शपथा राहू द्या. काटा काय खोटं बोलतो?"

तिनं कार्डावर 'पथ्य पाळत नाही' असं लिहिलं आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मिठागरवाला मीठ सोडतोय होय!" सगळे खो-खो हसले. शालनही हसली, हे सांगायला हवं. गोटीरामांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते उठून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

दुसरा गुरुवार रिकामा गेला तेव्हा मात्र तिला राहवेना. दुपारी बीपीचं यंत्र पिशवीत टाकून ती बोनकोड्याला निघाली.

दारात मांडव पडला होता. रविवारी नात नमिताचं लग्न. पाहुणे आले होते, बायका पापड लाटत होत्या, आणि या सगळ्या गडबडीत गोटीराम खुर्चीत ताठ बसले होते. रात्री आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणून चार दिवस ते खुर्चीतच झोपत होते. ओठ निळसर पडलेले. एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागत होतं. शालननं नडगीवर अंगठा दाबला. खळगा भरायचं नावच घेईना.

"बाबा, आत्ता हॉस्पिटलात जायचं. आत्ताच्या आत्ता."

"मी नाय येत."

"लग्न बघायचंय ना नातीचं? इथं बसलात तर..." पुढचं तिला मांडवात बोलवेना.

"खोट्या मानसाला... कशाला नेता, बाय?"

तेवढ्यात त्यांची बायको गोजरा ताट घेऊन आली. भाकरी, दुधीची भाजी, भाजलेला बांगडा. शालनचा पारा चढला. तिनं सरळ भाजीचा घास उचलून तोंडात टाकला. अळणी होती, अगदी पाणी. भाकरीही अळणी. म्हणजे म्हातारा खरं बोलत होता, आणि तिनं त्याला भरल्या दवाखान्यात खोटं पाडलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हे पाणी आलं कुठून?

तिनं बांगड्याचा तुकडा मोडला. जिभेवर ठेवताच जीभ चरचरली.

"गोजराआई, हा बांगडा?"

"सुका हाय. गेल्या आगोटीचा भरून ठेवलाय." आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, दर मे महिन्यात इकडच्या घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात. "अलनी जेवान त्यांचे घशाखाली उतरना. मंग दोन टायमाला एक-एक भाजून देते, तवा कुठं जेवतान."

"पण याला मीठ आहे!"

"मी कुठं लावलाय? कोलीन लावूनच आनते. मी वरशी चिमूटभर नाय टाकला, देवाशप्पत. घरान मिठाची बरनी पन नाय ठेवली." बोलता बोलता गोजराचा हात तसाच थांबला. "बाय... मीच घातला काय त्यांचे पोटान?"

साताऱ्याच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. 'मीठ खाता का' हे शालननं शंभरदा विचारलं होतं. ताटात काय असतं, ते एकदाही नाही.

"तुम्ही नाही, आई. मी," ती म्हणाली. "मला विचारायला सुचलं नाही. बाबा, चूक माझी आहे. आता उठा, पाया पडते."

गोटीरामांनी खिशातून कार्ड काढलं. "लिवलाय... तो पुसा. मंग येताव."

श्वास तर मिनिटामिनिटाला तोकडा पडत होता, आणि हा माणूस कागदावर अडून बसला होता! पण ही वेळ कुणी आणली, हे तिला ठाऊक होतं. तिनं पेन काढलं, जुनी ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि तिच्या त्याच मोठ्या आवाजात सगळ्या मांडवाला वाचून दाखवली: "पेशंटनं पथ्य पाळलं. सिस्टरनं नीट सांगितलं नव्हतं. शालन जाधव."

कुणी हसलं नाही.

"रिक्षा बोलवा," गोटीराम म्हणाले.

रविवारी हॉस्पिटलातून दोन तासांची परवानगी काढून त्यांनी खुर्चीत बसून नातीवर अक्षता टाकल्या. वजन चार किलोंनी उतरलं होतं. जून लागल्यावर ते गुरुवारी परत आले. बाकावरचे सगळे आता डबे उघडून बसले होते आणि शालन प्रत्येकाच्या डब्यातलं चाखून बघत होती. गोटीरामांचं कार्ड चुरगळून पार फाटायला आलं होतं.

"नवीन करून देते, बाबा," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

त्यांनी कार्ड चटकन मागे ओढलं.

"नको. हेच्यावर मी खरा हाय."