केशोराव गुरुजींचे तीन विद्यार्थी

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमच्या घरापासून चौथं घर केशोराव कापगत्यांचं. तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, तरी माणूस घरी बसला नाही. नागपूरच्या एका संस्थेनं त्यांना जिल्ह्यासाठी प्रशिक्षक म्हणून घेतलं. खाणीतून दगड निघाला की मालक सरकारला रॉयल्टी भरतो. त्यासोबत आणखी एक हिस्सा खनिज निधीत भरतो, तो खाणीचा त्रास भोगणाऱ्या गावांवरच खर्च व्हायला पाहिजे. होतो की नाही, हे कसं तपासायचं ते लोकप्रतिनिधींना, पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना शिकवायचं, हे गुरुजींचं काम.

पहिला वर्ग देवरीला एका मंगल कार्यालयात भरला. सकाळी चोवीस जण होते, जेवण झाल्यावर अकरा उरले. त्यातल्या तिघांवर गुरुजींचा जीव जडला. जिल्हा परिषदेच्या सदस्य डिंपल रहांगडाले, एका दैनिकाचा वार्ताहर देवानंद आणि खाणीविरुद्ध संघटना चालवणारा उमेंद्र. डिंपलताई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गुरुजी, सभागृहात आमच्यापुढे फाइल ठेवतात अन् सही मागतात. आत काय आहे ते आम्हाला कळतच नाही."

गुरुजींची पद्धत सोपी होती. कागद वाचायचा, मग गाडी काढून कागदातल्या जागेवर जाऊन उभं राहायचं. बोअरवेल लिहिली असेल तर तिचं पाणी पिऊन यायचं.

असेच ते तिघांना घेऊन भेलाटोल्याला गेले. गाव गिट्टीखाणीला लागून. सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात, वाळत घातलेल्या धानावर पांढरी भुकटी बसते. कागदात त्या गावात खनिज निधीतून आरोग्य उपकेंद्र बांधून पूर्ण झालं होतं, आणि बांधकामाचा ठेका खाणमालकाचाच होता. जागेवर गुडघाभर उंचीचा जोता होता आणि त्यावर बकऱ्या बसल्या होत्या. समोरच्या घरातली जमुनाबाई बाहेर आली. "तीन वर्सं झाली जी, तेवढाच आहे," ती म्हणाली आणि सगळ्यांना चहा पाजला. देवानंदनं जोता मोजला, डिंपलताईंनी फोटो काढले. उमेंद्र इतका तापला होता की चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी गुरुजी आमच्या ओट्यावर बसून तासभर बोलत होते. म्हणाले, "आयुष्यभर पोरांना हिशेब शिकवले. त्यांचा उपयोग होताना आज पाहिला."

बातमी छापून आली. डिंपलताईंनी सभेत असा नेमका प्रश्न विचारला की अधिकारी पाणी मागू लागले. उमेंद्रनं दोन दिवस खाणीचे गिट्टी वाहणारे टिप्पर अडवले. आणि नंतर सगळं शांत झालं.

आधी गुरुजींना वाटलं, चौकशी चालू असेल. मग खाणमालकाच्या वाढदिवसाला देवानंदच्या पेपरात पानभर जाहिरात आली. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम डिंपलताईंच्या यजमानांना मिळालं. उमेंद्रच्या साळ्याचे दोन टिप्पर त्याच खाणीवर लागले. तिघांनाही आता कुठं बोट ठेवलं की मालकाला दुखतं ते ठाऊक झालं होतं. बोट उचलायची किंमतही ठाऊक झाली होती.

गुरुजींनी देवानंदला गोंदियाच्या बस स्थानकावर गाठलं. "तू काऊन थांबला रे?"

"थांबलो कुठं? लिहूनच राहिलो ना."

"वाढदिवसाच्या शुभेच्छा?"

देवानंद चिडला नाही. "गुरुजी, पेपर जाहिरातीवर चालते. तुमी पेन्शनवर चालता. एवढाच फरक आहे." आणि बस लागली म्हणून निघून गेला.

भादव्यात जमुनाबाईच्या सुनेला, मंजूला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. गावात उपकेंद्र नाही, दवाखान्याच्या गाडीला फोन लागेना. भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला देवरीला नेलं. टिप्परांनी खणून काढलेल्या त्या रस्त्यावर ट्रॉलीतच बाळंत झाली. मूल रडलं नाही.

गुरुजी भेटायला गेले. जमुनाबाईनं या वेळी बसा म्हटलं नाही. दारातूनच बोलली, "गुरुजी, पैले आमाले लुटनारे दोघं होते, मालक अन् सायेब. तुमी शिकवून अजून तीन केले."

घरी येऊन गुरुजींनी स्वतःच्या नावानं जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार लिहिली. जोत्याचा फोटो, मापं, कागदाची प्रत, सगळं जोडलं. तीन महिन्यांनी चौकशी समितीचा अहवाल आला. समितीत तीन सदस्य होते: डिंपलताई, देवानंद, उमेंद्र. खनिज निधीच्या देखरेखीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले म्हणून त्यांची निवड झाली होती, आणि पुरावा म्हणून गुरुजींच्याच सहीची प्रमाणपत्रं अहवालाला जोडली होती. निष्कर्ष एका ओळीत होता. इमारत पूर्ण, सेवा सुरू.

गुरुजींनी नागपूरला फोन लावला. संस्थेच्या बाई आनंदल्या. "आपले तिन्ही प्रशिक्षणार्थी सरकारी समितीवर! सर, हे वार्षिक अहवालात घेऊ. तिघांचा फोटो आहे का?"

गुरुजींनी फोन ठेवला आणि त्याच दिवशी राजीनामा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चल रे, भेलाटोल्याला जाऊन येऊ. तिला सांगायला तर पाहिजे."

जमुनाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. मंजू बाजूला भिंतीला टेकून बसली होती. गुरुजींनी उभ्यानंच ती ओळ वाचून दाखवली.

जमुनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे दवाखाना आहे म्हनते?"

"हो. तसं लिहिलंय."

"मंग हिले ट्रॉलीत टाकून देवरीले कायले नेलो आमी?"

ती गुरुजींच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मंजू उठून आत गेली. गुरुजींनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

देवरीत आता नवा प्रशिक्षक आला आहे. वर्ग भरतात. मधे एकदा पाहुणे वक्ते म्हणून उमेंद्रला बोलावलं होतं असं ऐकलं.