संत्र्याशिवायचं नागपूर

माझा मित्र सुमेध गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लकडगंजातल्या छापखान्यात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. फोन त्याच्या आईचा, काकूंचा. "गेला वं तो," एवढंच म्हणाल्या... आणि मग मलाच विचारलं, "तू जेवली का?"

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याच्याविषयी इतकं गोड बोललं गेलं आहे की ऐकायला असता तर उठून गेला असता. म्हणून हे लिहिते आहे.

सुमेध नकाशे करायचा. संगणकावर राज्य चालवण्याचा एक खेळ आहे. त्यात शेतं पिकवायची, खाणी काढायच्या, फौजा उभारायच्या. तो खेळणाऱ्यांचा नागपुरात एक गट आहे आणि त्यांना आपल्या भागाचा, तीनशे वर्षांपूर्वीचा नकाशा हवा होता. सुमेधने तो अंगावर घेतला. डायलिसिसच्या वेळी एक हात मशीनला जोडलेला असायचा, दुसऱ्या हाताने तो मोबाईलवर जुनी गॅझेटियरं वाचायचा. वैनगंगेकाठी धान आणि तळी, पश्चिमेला काळी माती आणि तिच्यात ज्वारी-कापूस, चांद्याकडे आदिवासींच्या भट्ट्यांचं लोखंड, उत्तरेच्या डोंगरात साग आणि हत्ती. कोळसा जमिनीखाली होता, पण तेव्हा कोणी काढत नव्हतं, म्हणून नकाशात तो नाही. आणि नागपूरभोवती संत्री नाहीत. ती फार पुढे आली.

"एक बाग तरी ठेव ना गा," मी म्हटलं होतं, "लोक खवळतील."

"काहून? लोकाईले बरं वाटावं म्हणून तू तुया पत्रकात एक खोटं टाकते का?"

पत्रकांच्याच घरात वाढलेली मी, बागेचा विषय तिथेच सोडला.

लोक खवळलेच. नागपूर घेऊन खेळणारा सुरुवातीलाच हरायला लागला. "आपल्याच गावाले भिकारी करून टाकलं बे यानं," अशी सुरुवात झाली. मग गटावर एकाने लिहिलं, "याले डॉक्टरनं संत्रं बंद केलं, म्हणून यानं अख्ख्या नागपूरचं बंद केलं." किडनीच्या रुग्णाला संत्रं खरंच चालत नाही. त्या वाक्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि त्यात गटप्रमुख पराग पहिला. सुमेधनेच मला ते दाखवलं. "जोक चांगला आहे," म्हणाला... आणि हत्तींचं जंगल थोडं वर सरकवत बसला.

परागने शेवटी निरोप धाडला की संत्री टाक, थोडा कोळसा टाक, तरच नकाशा घेऊ. सुमेधने गटावर सगळ्यांसमोर उत्तर दिलं: टाकायचं ते टाका, माझं नाव काढा. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

मनीषनगरच्या एका हॉलमध्ये गटाने शोकसभा घेतली. भाषणं झाली आणि परागने पडद्यावर 'सुमेध स्मृती नकाशा' उघडला. आधी हार घातलेला फोटो, मग नागपूरभोवती संत्र्यांच्या बागाच बागा, चांद्याला कोळसा. "भाऊ आपला हिरा होता," पराग म्हणाला आणि संत्रा बर्फी वाटायला घेतली. मी उभी राहिले. म्हटलं, "हा त्याचा नकाशा नाही. त्याने नाव काढायला सांगितलं होतं. तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे ते."

"ताई, आईची परवानगी घेतली आहे आम्ही," पराग म्हणाला.

काकूंच्या हातात बर्फीचा तुकडा होता. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले. परवानगी मागे घ्या म्हणाले. त्या मातीत काय होतं ते आज खोटं सांगतील, उद्या ती माती कोणाची होती तेही खोटं सांगतील, असं बरंच बोलले. चौकात उभी असल्यासारखी बोलले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुयं खरं असंन बाई. पण तुया खऱ्या नकाशावर त्याचं नाव कोण वाचंन? एकटी तू. त्या पोट्ट्यांच्या नकाशावर रोज हजार जण वाचतीन."

त्या पोरांनी मेलेल्या माणसाची सही चोरली असं मी अजूनही म्हणते, पण काकूंना ते पुन्हा ऐकवायला गेले नाही.

निघताना त्यांनी मला त्याच्या खोलीत नेलं. संगणक त्यांना चालू करता येत नव्हता. "त्याचावाला दाखव मले," म्हणाल्या. मी त्याचा खरा नकाशा उघडला. काकू त्याच्या खुर्चीत बसल्या नाहीत, मागे उभं राहून बघत होत्या.

"यात आपलं घर कुठं आहे?"

मी बोट ठेवलं. तिथे नुसती झाडी होती.

"आन् तलाव?" त्याच्या टेबलासमोरच्या खिडकीतून सक्करदऱ्याचा तलाव दिसतो. समोर तो तलाव बघतच सुमेधने हे सगळं केलेलं.

"तलाव तेव्हा नव्हता काकू. नंतर बांधला."

त्यांनी पुढे वाकून त्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. "तलावही काढला त्यानं," म्हणाल्या. "मंग मले कुठं ठेवलं असंन वं?"

त्याच्या खोलीत खोटं बोलणं मला जमलं नाही.

"कुठंच नाही काकू," मी म्हटलं.